खाडी वाचते ती फायलीत: गोव्यातल्या बांधकाम परवानग्या आणि शहरातलं पाणी

पणजीत पावसाळ्यात पाणी तुंबलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "गटारं उपसली नाहीत." दुसरं, "पण बिल्डरला परवानगी मिळालीच कशी?" पहिल्यात थोडं तथ्य असतं. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि त्याचं सरळ उत्तर फारसं कोणी देत नाही. परवानगी असते. एक नव्हे, चार-पाच असतात: नगरनियोजन खात्याची, पालिकेची किंवा पंचायतीची, जमीन रूपांतराची सनद, कधी किनारपट्टी प्राधिकरणाचा ना हरकत दाखला. एवढं असूनही शेजारच्या खाडीचं किंवा तळ्याचं काय होणार, हा प्रश्न त्यांतल्या एकाही फायलीत विचारलेला नसतो. बऱ्याचदा तो विचारण्याचं बंधन कायद्यानेच त्या फायलीवर घातलेलं नसतं. ते बंधन कधी येतं आणि सामान्य माणसाला ते कसं आणता येतं, हे समजून घेतलं तर पुष्कळ काही हाती लागतं.

आधी पाण्याचं गणित. मांडवीला दिवसातून दोनदा भरती येते आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी दोनेक मीटरनी वरखाली होते. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. आता मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली असं समजा. सांतिनेज खाडी ताळगावच्या शेतांकडून येते आणि शहरातून वाहत कांपालजवळ मांडवीला मिळते. भरतीच्या वेळी तिच्या मुखाशी मांडवीच चढलेली असते. पाणी बाहेर जाऊ शकत नाही, ओहोटी लागेपर्यंत काही तास त्याला कुठेतरी थांबावं लागतं. पणजीच्याच मळा भागाकडच्या ओरें खाडीचीही तीच तऱ्हा. शहर कितीही मोठी गटारं बांधो, हे काही तास टळत नाहीत.

पूर्वी हे पाणी थांबायचं खाजनात. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीच्या खाली असलेली, बांध घालून नदीपासून राखलेली जमीन. गोव्यात ती साधारण 18 हजार हेक्टर आहे असं मानतात. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या रेट्याने झडप बाहेर ढकलली जाते आणि शेतातलं पाणी नदीत पडतं. भरती चढू लागली की बाहेरचं पाणीच त्या झडपेला दाबून बंद करतं. वीज नाही, पंप नाही, कोणी रात्री उठून दार लावायला नको. आतल्या बाजूला मानशीच्या तोंडाशी खोलगट जागा ठेवलेली असते, तिथे पाणी साचतं, मासळी सापडते, आणि त्या मासळीसाठी दरवर्षी मानशीचा लिलाव होतो. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही यंत्रणा भात पिकवायची, आणि शेजारच्या वस्तीचं पुराचं पाणीही काही तास अंगावर घ्यायची. आपण मात्र सरकारी कागदावर तिची नोंद फक्त 'भातशेती' अशी ठेवली.

आता त्या जमिनीतला 8 हजार चौरस मीटरचा एक तुकडा घ्या आणि त्यावर मीटरभर मातीचा भराव टाका. 8 हजार घनमीटर पाण्याची जागा गेली, म्हणजे 80 लाख लिटर. दहा हजार लिटरचे 800 टँकर भरतील इतकं पाणी आता दुसऱ्या कोणाच्या तरी दारात थांबणार. इमारत कितीही देखणी असो, तिच्यात सांडपाणी शुद्धीकरणाची सोय असो, छतावर सौर पॅनल असोत, हा हिशेब बदलत नाही.

केंद्र सरकारची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना निघाली 14 सप्टेंबर 2006 रोजी, 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. तिचा गाभा साधा आहे. काही ठरावीक प्रकारचे आणि ठरावीक आकाराच्या वरचे प्रकल्प सुरू करण्याआधी त्यांचे परिणाम तपासून पर्यावरणीय मंजुरी घ्यायची. मोठे प्रकल्प केंद्राच्या मंत्रालयाकडे जातात, बाकीचे राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे, ज्याला तज्ज्ञांची एक समिती सल्ला देते. आधी प्रकल्पाला सविस्तर अहवाल लागतो की नाही ते ठरतं, मग अहवालात काय तपासायचं ते ठरतं, मग जनसुनावणी, मग छाननी आणि निर्णय.

सगळा पेच 'ठरावीक आकारा'त आहे. इमारतींसाठी हा उंबरठा 20 हजार चौरस मीटर बांधकाम क्षेत्राचा. त्याच्या खाली असाल तर या अधिसूचनेखाली मंजुरी लागतच नाही. 20 हजार ते दीड लाख चौरस मीटरपर्यंतच्या इमारतींना मंजुरी लागते, पण अर्ज, सोबतचं परिशिष्ट आणि आराखडे यांच्या आधारे. वसाहत दीड लाख चौरस मीटरच्या वर किंवा 50 हेक्टरवर गेली की नियम कडक होतात. आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते: इमारती आणि वसाहतींना जनसुनावणीतून सूट आहे. खाणीची किंवा कारखान्याची सुनावणी होते, तिथे लोक जातात, बोलतात. शहरातल्या गृहसंकुलासाठी तशी सुनावणी होत नाही, म्हणून तिची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

गोव्यासारख्या लहान भूखंडांच्या राज्यात या आकड्याचा अर्थ काय होतो पाहा. एकाच व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी तीन वेगवेगळ्या सर्व्हे नंबरांवर तीन मालकांच्या 15-15 हजार चौरस मीटरच्या इमारती उभ्या राहिल्या. मिळून 45 हजार. व्हाळाच्या दृष्टीने तो एकच भराव. कायद्याच्या दृष्टीने तिन्ही प्रकल्प उंबरठ्याच्या खाली. सरकारी कामांचंही तसंच. गटाराचं काँक्रीटीकरण, खाडीकाठची संरक्षक भिंत, पदपथ, सुशोभीकरण, वाहनतळ यांतलं प्रत्येक काम सुटं, प्रत्येक लहान. माझं स्पष्ट मत आहे की पणजीतल्या खाड्यांना एकट्या मोठ्या प्रकल्पाने जितकं आवळलं त्यापेक्षा या सुट्या कामांनी जास्त आवळलं. दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत घातली की खाडी नीटनेटकी दिसते, पण तिला पसरायला जागा उरत नाही आणि खारफुटीला पाय रोवायला चिखल उरत नाही.

रस्ते आणि रेल्वे ही आणखी वेगळी गोष्ट. रेल्वेमार्ग 2006 च्या यादीतच नाहीत. याची झळ गोव्याला जुनी आहे. कोकण रेल्वेचा मार्ग खाजनांतून आणि तळ्यांच्या काठाने जाणार म्हणून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मोठं आंदोलन झालं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि 1992 मध्ये न्यायालयाने रेल्वेच्या बाजूने निकाल दिला. आज करमळी तळ्याच्या कडेने गाड्या धावतात. मडगावच्या पश्चिम बगलमार्गाच्या वेळी बाणावली-सुरावलीच्या लोकांनी जी मागणी लावून धरली ती या विषयातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य आहे: भराव घालू नका, रस्ता खांबांवर घ्या. त्यांनी रस्ताच नको असं म्हटलं नव्हतं. साळ नदीच्या पाण्याला शेतातून पलीकडे जायची वाट ठेवा, एवढंच म्हटलं होतं. पर्यावरणीय आढावा नीट झाला तर त्यातून नेमकं हेच निघायला हवं. नकार क्वचित द्यावा लागतो, आखणी बदलून पुष्कळदा काम भागतं.

मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांचं तरी सगळं ठीक होतं का? इथे अर्जाचा नमुना उघडून पाहण्यासारखा आहे. नमुना एकमध्ये परिसरातले जलस्रोत, ओलसर जागा, जंगलं, संवेदनशील भाग यांची माहिती द्यावी लागते, 15 किलोमीटरपर्यंतची. इमारतींसाठी जोडलेल्या नमुना एक-अमध्ये थेट विचारलं आहे की प्रकल्पामुळे पाण्याच्या नैसर्गिक निचऱ्यात बदल होणार का, आणि होणार असेल तर समोच्च रेषांच्या, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या, नकाशावर जवळपासचे ओहोळ दाखवा. शेजारच्या इतर प्रकल्पांसह एकत्रित परिणाम काय होईल, यासाठीही नमुना एकमध्ये स्वतंत्र विभाग आहे. प्रश्न उत्तम आहेत. उत्तर भरतो प्रकल्पाचा मालक, त्याने पैसे देऊन नेमलेल्या सल्लागाराकरवी. सल्लागार मान्यताप्राप्त असावा लागतो हे खरं, पण त्याचं बिल भरणारा प्रकल्पाचा मालकच. 'निचऱ्यात बदल होणार नाही' असं एका ओळीत लिहिलं आणि नकाशावर व्हाळ काढलाच नाही, तर पणजीतल्या किंवा दिल्लीतल्या बैठकीत बसलेल्या तज्ज्ञाला तिथे व्हाळ आहे हे कळणार कुठून? डॉक्टरला अर्धाच आजार सांगितला तर औषध बरोबर कसं मिळेल?

हे गृहीतक नाही, गोव्यात घडलेलं आहे. मोपा विमानतळाची पर्यावरणीय मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने 29 मार्च 2019 रोजी स्थगित ठेवली आणि तज्ज्ञ समितीला पुन्हा विचार करायला सांगितलं. कारण मुख्यतः अर्जातली माहिती. परिसरातल्या संवेदनशील क्षेत्रांसह महत्त्वाच्या बाबी नमुना एकमध्ये नीट उघड केलेल्या नाहीत, असं न्यायालयाने नोंदवलं. पुढे 2020 च्या जानेवारीत जादा अटी मान्य झाल्यावर स्थगिती उठली आणि विमानतळ झाला. पण त्या निकालाने एक गोष्ट देशभरासाठी पक्की केली की अर्जातली माहिती खरी आणि पूर्ण असणं हा सगळ्या प्रक्रियेचा पाया आहे. ज्याला एखादा व्हाळ वाचवायचा आहे त्याने प्रकल्पाचा सुंदर अहवाल सोडून आधी हा अर्ज वाचावा. केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर तो पाहता येतो. आपल्याला माहीत असलेला झरा, बांध, मानस त्यात आहे की नाही, एवढंच तपासायला तज्ज्ञ असावं लागत नाही. गावातला शेतकरी ते सल्लागारापेक्षा चांगलं सांगेल.

उंबरठ्याखालच्या प्रकल्पांसाठी दुसरे कायदे आहेत, आणि गोव्यात खरी लढाई बहुधा त्यांच्यावरच होते.

पहिला सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र. हे फक्त समुद्रकाठाला लागू असतं असा मोठा गैरसमज आहे. भरतीचं पाणी जिथवर पोचतं त्या नद्या-खाड्यांनाही ते लागू होतं. पोचतं म्हणजे कुठवर? वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्यात हजार भागांत पाच भाग क्षार सापडतात तिथवर. 2011 च्या अधिसूचनेनुसार खाडीच्या भरतीरेषेपासून 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल तेवढा पट्टा नियमनाखाली येतो. 2019 च्या अधिसूचनेने 100 चे 50 केले. आता 'जे कमी असेल ते' या शब्दांकडे पाहा. खाडी 12 मीटर रुंद असेल तर संरक्षण 12 मीटर. अतिक्रमणाने ती आठ मीटरवर आली तर संरक्षणही आठ मीटर. जिला आधीच सगळ्यांनी चेपलं, तिलाच कायदा सर्वांत कमी जागा देतो. म्हणून खाडीची मूळ रुंदी जुन्या सर्व्हे नकाशावरून दाखवणं फार मोलाचं ठरतं.

त्याच 2011 च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद आहे: खाजन जमिनी नकाशावर आखाव्यात, तिथल्या खारफुटीचं संरक्षण करावं, आणि खाजनात विकासकामांना परवानगी देऊ नये. इतकं स्पष्ट वाक्य आपल्या बाजूने क्वचितच असतं. पण ते वापरायचं तर ती जमीन किनारपट्टी व्यवस्थापन आराखड्यात खाजन म्हणून रंगवलेली असावी लागते. गोव्याचा 2011 च्या अधिसूचनेखालचा आराखडा मंजूर व्हायला 2022 उजाडलं. मधल्या अकरा वर्षांत कितीतरी खाजनांवर भराव पडला. आराखड्याच्या मसुद्यावरच्या सुनावण्यांना लोकांनी गर्दी केली होती ती याचसाठी. आपल्या गावातली मानस, बांध, खाजन नकाशात नाही, हे लोकांना तिथे कळलं.

दुसरा कायदा पाणथळ जागांचा, 2017 च्या नियमांचा. पाणथळ म्हणून जाहीर झालेल्या जागेत भराव, अतिक्रमण, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं यांना बंदी. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम नाही. कुडचडे शहराला लागून असलेलं नंदा तळं या वाटेने गेलं आणि 2022 मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. ते 42 हेक्टरचं आहे, आणि शहरालगत असूनही टिकलं. चिंबलच्या तोय्यार तळ्याशेजारी युनिटी मॉल येणार म्हटल्यावर गावकरी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात याच नियमांचा आधार होता.

या नियमांतली फट मात्र ओळखून असावं. नद्यांचे प्रवाह आणि भातशेती त्यांच्या व्याख्येतून वगळलेली आहेत, आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळीही. गोव्यातली बरीचशी तळी आपल्या पूर्वजांनी भातासाठीच बांधली. म्हणजे ज्यांनी कष्ट करून तळं बांधलं त्यांच्याच तळ्याला कायदा 'मानवनिर्मित' म्हणून बाजूला ठेवू शकतो. मला हे अन्यायाचं वाटतं. यावर उपाय म्हणजे तळ्याचा आजचा वापर पुराव्यानिशी मांडणं: पक्षी, भूजल, आसपासच्या विहिरी, पुराचं पाणी. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोकनोंदवहीत तळं नोंदलेलं असेल तर तो पहिला कागद तयार असतो. नियमाखाली मसुदा अधिसूचना निघाली की हरकती-सूचनांसाठी 60 दिवस असतात. त्या दिवसांत जमीनदलालांच्या हरकती येतातच, तळ्याच्या बाजूनेही लेखी सूचना जायला हव्यात.

तिसरा आधार घरचाच आहे, गोव्याच्या नगरनियोजन कायद्याचं कलम 17-अ. मुख्य नगरनियोजकाच्या परवानगीशिवाय डोंगर कापणं किंवा सखल जमिनीवर भराव टाकणं यावर त्यात बंदी आहे. 20 हजार चौरस मीटरची अट नाही, दोन ट्रक माती पडली तरी लागू. रविवारी पहाटे मातीचे ट्रक येऊ लागले की हे कलम आठवावं, आणि त्याच वेळी तक्रार करावी. माती एकदा पडली, रोलर फिरला, वर झुडपं उगवली की 'ही जमीन पहिल्यापासून अशीच होती' हे म्हणणं खोडून काढणं कठीण जातं. याच कायद्याच्या कलम 17(2) खाली एकेका भूखंडाचा विभाग, म्हणजे शेती की वस्ती हे दाखवणारा नकाशावरचा रंग, बदलून देण्याचे नियम केले गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये ते रद्द ठरवले. पाण्याच्या दृष्टीने तो निकाल महत्त्वाचा, कारण शेताचा रंग नकाशावर बदलला की पुढच्या सगळ्या परवानग्या कायदेशीरच असतात.

आणि वेळ. पर्यावरणीय मंजुरीला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या खास न्यायाधिकरणात, आव्हान द्यायचं तर 30 दिवस. सबळ कारण असेल तर आणखी 60. एकूण 90 दिवसांनंतर न्यायाधिकरणालाही दार उघडता येत नाही. गोव्यासाठीचं खंडपीठ पुण्याला आहे. काम सुरू झालं, पाया खणला, मग गावात बैठक झाली, मग वर्गणी जमली, असं करता करता ही मुदत निघून जाते. मी पाहिलेल्या बहुतेक हरलेल्या प्रकरणांत मुद्दा कच्चा नव्हता, उशीर झाला होता.

म्हणून हरकत कशी लिहावी याबद्दल थोडं. 'पर्यावरणाचा ऱ्हास होईल' असं लिहिलेल्या अर्जाचं अधिकारी काही करू शकत नाही. सर्व्हे नंबर लिहा. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, जोडा. जुन्या सर्व्हे नकाशावर व्हाळ कुठून जातो ते पेनने दाखवा. जुलैतल्या उधाणाच्या दिवशी, भरतीच्या वेळी, तारीख आणि वेळ दिसेल असा त्याच जागेचा फोटो काढा, आणि ओहोटीला त्याच ठिकाणी उभं राहून दुसरा. दोन्हींच्या खाली त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहा. मानस चालू आहे की मोडली आहे, शेवटची दुरुस्ती कोणी केली, लिलाव कधी झाला, हे कोमुनिदादच्या, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, किंवा कुळांच्या संघटनेच्या कागदांत मिळतं. मागणीही नेमकी हवी: भराव नको, इमारत खांबांवर घ्या, व्हाळाच्या दोन्ही काठांना इतके मीटर मोकळे सोडा, मोऱ्या एवढ्या रुंदीच्या ठेवा.

मंजुरी मिळाल्यावरही फाईल बंद होत नाही. मंजुरीपत्रात अटी असतात, आणि त्या पाळल्याचा अहवाल प्रकल्पाला दर वर्षी 1 जूनला आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. हे अहवाल क्वचितच कोणी वाचतं. नैसर्गिक ओहोळ तसेच ठेवण्याची अट त्या पत्रात असेल आणि जागेवर पाइप टाकून तो बुजवलेला असेल, तर ते उल्लंघन आहे. तक्रार करताना मंजुरीपत्रातला अटीचा क्रमांक लिहा, शेजारी फोटो लावा, एक प्रत राज्य प्राधिकरणाला, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि एक पालिकेला द्या, आणि तिन्ही ठिकाणी पोच घ्या.